नकोबाई आणि शांत हात

रेशीमकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हतं, पण पागेत दुसऱ्या नावानं त्यांना कुणी हाक मारत नसे. त्यांनी लगाम धरला की घोड्याला आपल्या तोंडात लोखंड आहे हे कळतच नाही, असं लोक म्हणत. उभा जन्म त्यांनी घोडे शिकवण्यात घालवला होता. शरीर काटक, बोलणं मोजकं, आणि स्वभाव असा की घोड्यापुढे मेणाहून मऊ आणि माणसांपुढे थोडा तिरसट.

पागा शहराच्या टोकाला होती. पुढे गोदामं आणि मागे मोकळं रान. मध्ये पत्र्याची लांबलचक शेड, तिच्यात ओळीनं घोडे बांधायची ठाणं, आणि समोर वाळू पसरलेलं गोल रिंगण. पागा चालवणाऱ्या बाई लहानपणी काकांच्याच हाताखाली घोड्यावर बसायला शिकलेल्या. त्यामुळे मालकीण असल्या तरी काकांचा शब्द त्या खाली पडू देत नसत.

शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला काका एकच गोष्ट सांगत. "घोड्याशी भांडायचं नाही. त्याला विचारायचं. त्यानं बरोबर उत्तर दिलं की हात शांत करायचा. तो शांत हात म्हणजेच त्याचं बक्षीस. साखर काय, कुणीही देतं."

ती घोडी आली तेव्हा थंडी सरत होती. अंगानं तांबूस, पायांनी लांब, डोळ्यांत माणसाला आरपार पाहणारा भाव. ट्रकमधून उतरायला तिनं साफ नकार दिला. फळी लावली, चारा दाखवला, मागून दोर लावून ओढलं. ती आपली खांबासारखी उभी. शेवटी ड्रायव्हर कंटाळून बिडी ओढायला गेला, सगळे पांगले, तेव्हा एकटीच खट् खट् करत खाली आली आणि जणू आपणच हे सगळं ठरवलं होतं अशी उभी राहिली.

"हिला सगळंच नको असतं," ड्रायव्हर म्हणाला. "पाणी नको, दोर नको, माणूस नको. आधीच्या शिकवणाऱ्याच्या खांद्याचं हाड मोडलं हिनं."

त्याच दिवशी तिचं नाव नकोबाई पडलं.

काकांना ती पाहताक्षणी आवडली. घरी जाऊन त्यांनी काकूंना सांगितलं, "अगं, नाही म्हणता येणारं जनावर हुशार असतं. मुकाट्यानं ऐकणारं निम्म्या वेळा झोपेतच असतं."

काकू शिवणकाम करत. घराच्या पुढच्या खोलीत मशीन, टेबलावर पडद्यांचे तागे, दोऱ्याच्या रिळांनी भरलेलं खोकं. त्यांनी मान वर न करता म्हटलं, "मग मी हुशारच म्हणायची."

सुरुवातीचे दिवस नीट गेले. काका रिंगणाच्या मध्यभागी लांब दोर धरून उभे राहत आणि नकोबाई त्यांच्याभोवती फिरे. चल म्हटलं की चाले, थांब म्हटलं की थांबे. पाठीवर खोगीर ठेवलं तेव्हा दोनदा उसळली, मग गप्प झाली. काका वर बसले तेव्हा तिनं फक्त कान मागे केले. बाई कुंपणाला रेलून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "काका, ही तर गाय आहे."

दुसऱ्याच दिवशी त्या गाईनं काकांना रिंगणाच्या कठड्यावर आपटलं.

झालं ते विचित्रच होतं. काका तिला वळवत होते, थांबवत होते, पुन्हा चालवत होते, आणि ती सगळं करत होती. दुडक्या चालीत एक सुरेख वळण घेऊन ती थांबली. आता हिला बक्षीस द्यायचं म्हणून काकांनी हात शांत केले. लगाम नुसता धरलेला, ना ओढ, ना ढील. क्षणभरात तिनं मान झटकली, मग पुन्हा झटकली, मागे मागे सरकली आणि दोन पायांवर उभी राहिली.

काका पडले, उठले, पुन्हा बसले. पुन्हा तेच. काम चालू असेतो घोडी ठीक. काम थांबलं, हात शांत झाले, की अंगात आल्यासारखी वागे. तोंडाला फेस, डोळ्यांतला पांढरा भाग दिसे. एकदा तर ती अशी मागे रेटत गेली की कठड्याच्या दोन फळ्या मोडल्या.

काकांनी सगळं तपासलं. जनावरांच्या डॉक्टरांनी दात पाहिले, पाठ दाबून पाहिली, पाय वाकवून पाहिले. काही नाही. तोंडातली कडी बदलली, खोगीर बदललं. काही फरक नाही. बाई एकदा तिच्यावर बसल्या. घोडी अवघडून, कुरकुरत चालली, पण चालली. थांबवली तेव्हा शांत उभी राहिली.

"तुमच्यावरच राग आहे तिचा," बाई हसून म्हणाल्या.

काका हसले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा एखादं जनावर आपल्याच हाताला घाबरतंय, हे त्यांना आतून कुठेतरी लागलं होतं. त्या संध्याकाळी खोगीर पुसता पुसता ते म्हणाले, "हिला माया सोसत नाही. काही जनावरं असतात अशी. मऊ वागलं की डोक्यावर बसतात."

हे वाक्य काकांच्या तोंडून आलेलं ऐकून बाईंना बरं वाटलं नाही.

त्यानंतर काका बदलले. त्यांनी कडक कडी काढली, जी इतकी वर्षं खिळ्याला नुसती टांगून होती. चाबूक घेतला. नकोबाईशी रोज झटापट होऊ लागली आणि गंमत अशी की कडकपणा जमत होता. ओढून धरलं, हाणलं, पळवलं, तर घोडी ऐके. हात सोडला की उसळे. म्हणजे आपलंच खरं, असं काका स्वतःला सांगत. पण रिंगणातून बाहेर येताना त्यांचा चेहरा राखेसारखा झालेला असे. शिकायला येणारी माणसं त्यांच्या वाटेतून बाजूला सरू लागली.

घरीही धुसफूस सुरू झाली. एकदा काकूंनी सहज विचारलं, "तुमचा पाय दुखतोय का? ओढत चालताय."

"घोड्यावरून रोज पडणारा माणूस काय नाचत येणार?" काका एवढ्या मोठ्यानं ओरडले की काकूंच्या मशीनचं चाक थांबलं. पुन्हा त्यांनी विचारलं नाही. पण एका आठवड्यात काकांच्या सगळ्या सदऱ्यांची बटणं जाऊन तिथे टिचबटणं आली. नुसती दाबायची की लागली. "जुन्यासारखी बटणं मिळेनात," काकू म्हणाल्या. घरात बटणांनी भरलेली बरणी होती. काकांनी ती रोज पाहिली आणि तरी त्यांना प्रश्न पडला नाही. किंवा पडू दिला नाही.

मग नकोबाईनं चारा खाणं सोडलं.

सकाळचा चारा घालणं हे काकांचं काम. पागेत सर्वांत आधी तेच येत आणि वाळल्या गवताला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. गवत ओळखावं तर काकांनी. पेंडी नाकाशी धरून ते कुठल्या जमिनीतलं, कापताना ऊन होतं का ढग, हे सांगत. शेवटच्या दोन ठाणांना ते मागच्या कोपऱ्यातल्या थरातून गवत घालत, कारण तो कोपरा जवळ पडे. एका ठाणात नकोबाई. दुसऱ्यात आजोबा.

आजोबा म्हणजे पागेतला सर्वांत म्हातारा घोडा. पांढरा, पाठ खाली गेलेली, पुढे काहीही ठेवलं तरी मिटक्या मारत खाणारा. बाई त्याच्याच पाठीवर बसायला शिकल्या होत्या.

नकोबाईनं गवताला तोंड लावलं नाही. नाक फुरफुरवलं, पेंडी पायानं लोटली, तिच्यावर लीद टाकली. दुपारी घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दारानं धान्याचा भरडा घातला तो मात्र तिनं चाटूनपुसून खाल्ला. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. काकांच्या कपाळाची शीर उठली. "मी घातलेलं नको होय? बघू किती दिवस नको." त्यांनी मोतद्दाराला सांगितलं, "हिचा भरडा बंद. भूक लागली की अक्कल येईल."

ती आपल्याकडे एकटक पाहत राहिली हे काकांना नंतर फार आठवलं. फुरफुरणं नाही, लाथा नाही. भुकेनं पोट आत गेलेलं, आणि डोळे काकांवर.

शेजारी आजोबा स्वस्थपणे खात होता.

एका सकाळी आजोबा खाली बसला. उठला. मान वळवून आपल्याच पोटाकडे पाहू लागला, मागच्या पायानं पोटावर लाथ मारून घेऊ लागला. घामानं पांढरं अंग करडं झालं. पोटशूळ. बाई धावत आल्या, डॉक्टर आले, नळी घातली, सुया दिल्या. सगळ्यांनी आळीपाळीनं त्याला चालवलं, कारण पडू दिलं तर आतडं पिळवटतं. काकांनी दोर उजव्या हातातून डाव्या हातात घेतला, आणि दुपार होईतो सोडला नाही. पण दुपारी म्हातारा चालता चालता गुडघ्यांवर आला आणि मग कुशीवर. डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी होकाराची मान हलवली आणि तोंड फिरवलं.

त्याच दिवशी नालबंद नाल ठोकायला येणार होता. काकांचा हा जुना मित्र. हातांची साल जाड, बोलणं त्याहून जाड. तो आला तेव्हा आजोबावर ताडपत्री टाकलेली होती. तो काकांच्या शेजारी नकोबाईच्या ठाणाच्या दारात येऊन उभा राहिला. मग त्यानं नाक मुरडलं, आत वाकला आणि तुडवलेल्या गवताची मूठ उचलली.

"हे कुठलं रे?"

"मागच्या कोपऱ्यातलं. का?"

"का काय? वास घे की."

काकांनी मूठ नाकाशी धरली. खोल श्वास घेतला. "चांगलं आहे."

नालबंदाला वाटलं हा थट्टा करतोय. मग त्यानं काकांचा चेहरा पाहिला. त्यानं पेंडी फोडली. आतून करडी भुकटी उडाली, धुरासारखी. "बुरशी लागलीय, लेका. मला दारातून भपकारा आला. वर पत्रा गळत असणार. तुला येत नाही वास?"

काकांनी पुन्हा मूठ नाकाशी नेली. त्यांना ओलं गवत दिसत होतं, आता भुकटीही दिसत होती. वास मात्र कसलाच नव्हता. मग त्यांच्या लक्षात आलं की घोड्याचाही वास नव्हता. लिदीचा नव्हता. शेजारी मरून पडलेल्या जनावराचा नव्हता. कधीपासून नव्हता, ते त्यांना सांगता येईना.

"सर्दी झालीय," ते म्हणाले.

नालबंदानं मान डोलावली. दोघांनाही ठाऊक होतं की सर्दी नाही.

त्या संध्याकाळी काकू स्वयंपाकघरात आल्या तेव्हा काका ओट्यापाशी उभे होते. समोर चिरलेला कांदा, साबणाची वडी, बुटाच्या पॉलिशची उघडी डबी आणि रॉकेलची बाटली. एकेक उचलून ते नाकाशी नेत होते आणि ठेवत होते. कांद्यानं डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांच्या ध्यानात नव्हतं.

काकूंनी डबीचं झाकण लावलं. बाटली उचलून खाली ठेवली. मग खुर्ची ओढून म्हणाल्या, "बसा. आता मी बोलणार आणि तुम्ही ओरडायचं नाही."

काका बसले.

"चालताना तुमचा उजवा हात हलत नाही. डावा हलतो, उजवा शिवून टाकल्यासारखा अंगाला चिकटलेला असतो. उजव्या बुटाचं टोक झिजलंय, डाव्याचं नवंच्या नवं आहे. बटणं लावायला तुम्हाला चहा गार होईतो वेळ लागायचा. म्हणून मी ती काढली."

"कधीपासून?"

"घोडी यायच्या आधीपासून."

काकांनी मांडीवरच्या आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. "घोडी यायच्या आधीपासून," त्यांनी स्वतःशीच म्हटलं.

डॉक्टरकडे जायचं ठरलं. पण त्याआधी सकाळीच काका नालबंदाच्या दुकानात गेले. खांद्यावर नकोबाईचा लगाम होता, जुन्या साध्या कडीसकट. भट्टी नुकतीच पेटत होती. नालबंदानं काही विचारायच्या आत काकांनी कडी त्याच्या दोन्ही हातांत दिली.

"ही अशी धर. डोळे मिट. तू घोडी आहेस असं समज."

"बायको तेच म्हणते," नालबंद म्हणाला, पण डोळे मिटले.

काका त्याच्या मागे काही पावलांवर उभे राहिले आणि लगाम हातांत घेतला. नवशिक्यांना ते हाच धडा देत, कडी स्वतःच्या हातात धरून. त्यांनी डावीकडे वळवलं, उजवीकडे वळवलं, थांबवलं.

"छान," नालबंद म्हणाला. "लोण्यासारखं."

"आता मी काहीच करणार नाही. नुसतं धरणार. तुला काय कळतं ते सांग."

काकांनी हात शांत केले. भट्टीत कोळसा तडतडला. बाहेरून एक हातगाडी गेली. नालबंदाच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू पुसलं गेलं.

"बोल."

"तू हलवतोयस."

"मी हलवत नाही."

"उजवीकडनं. टक टक टक. कुणी दार वाजवतंय असं." नालबंदानं डोळे उघडले, वळून काकांच्या हाताकडे पाहिलं. "दिसत नाही रे. पण इथे येतंय. सारखं येतंय. ओढलंस की बंद होतं. सोडलंस की सुरू."

काकांनी लगाम ओढून धरला.

"बंद झालं."

काकांनी हात पुन्हा शांत केले.

"हं," नालबंद म्हणाला. आवाज अगदी बारीक झाला होता. "आलं."

काका तिथेच पिंपावर बसले. इतके दिवस त्या घोडीनं चांगलं काम केलं की ते तिला बक्षीस देत होते आणि बक्षीस म्हणून तिच्या जबड्यावर लोखंड वाजत होतं. ती मान झटकून सांगत होती, मागे सरून सांगत होती, दोन पायांवर उभी राहून सांगत होती. त्यावर त्यांनी कडी आणखी कडक केली होती. मग तिचा चारा तोडला होता.

"हिला माया सोसत नाही म्हणालो मी," ते म्हणाले.

नालबंदानं लगाम गुंडाळून त्यांच्या खांद्यावर ठेवला आणि भट्टीकडे वळला.

डॉक्टरांनी काकांना चालायला लावलं, बोटं एकमेकांवर आपटायला लावली, मनगट धरून फिरवलं. कंपवात आहे म्हणाले. वास आधी जातो, पुष्कळांचा असाच जातो. गोळ्यांनी बरंच सावरेल. थांबणार मात्र नाही, पुढे पुढे जाईल. "काय काय जाईल?" असं काकांनी विचारलं नाही. काकूंनी विचारलं आणि डॉक्टरांनी सांगितलं. काका त्या वेळी खिडकीबाहेर पाहत होते, त्यांचं लक्षच नव्हतं.

तिथून ते थेट पागेत गेले आणि बाईंना गवताचं सगळं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. बाई ऑफिसच्या दारात उभ्या होत्या. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. त्यांनी आजोबाच्या रिकाम्या ठाणाकडे पाहिलं.

"मला आत्ता तुमच्याशी बोलता येणार नाही, काका," त्या म्हणाल्या. "उद्या या."

काका दुसऱ्या दिवशी आले. बाईंनी त्यांना काढलं नाही आणि माफ केलं असंही म्हणाल्या नाहीत. चाऱ्याचं काम मोतद्दाराकडे गेलं. काका घोड्यावर बसणार नाहीत, हे दोघांनी न बोलताच ठरवलं. आता नकोबाईवर बाई बसत आणि काका रिंगणाच्या मध्यभागी उभे राहून सांगत. कडक कडी त्यांनी नालबंदाच्या भट्टीत टाकायला दिली.

घोडी लगेच निवळली असं नाही. कितीतरी दिवस बाईंचे हात शांत झाले की तिचं सगळं अंग ताठ होई. ती वाट पाही, आता येईल, आता येईल. काही येत नसे. मग कधीतरी तिनं एक मोठा उसासा सोडला आणि मान खाली केली. काकांनी ते पाहिलं आणि खिशातला उजवा हात डाव्यानं घट्ट धरला.

काकांचा शब्द मात्र ती ऐके. त्यांच्या हाताला ती विटली होती, पण त्यांच्या आवाजावर तिचा राग नव्हता. ते मधून "चल" म्हणत, की बाईंनी टाच लावायच्या आत ती निघे. "थांब" म्हणत, की ती जागच्या जागी थांबे. काका घरी येऊन काकूंना रोजचं सांगत. काकू मशीन थांबवून ऐकत. काकांचं वाक्य शेवटाकडे बारीक होत जातं हे त्यांना कळत होतं, म्हणून तर मशीन थांबवत. पण आवाजाबद्दल डॉक्टरांनी जे सांगितलं होतं ते त्यांनी अजून काकांना सांगितलं नव्हतं. अजून आवाज आहे, तर असू दे, असं त्यांना वाटे.

पानं गळायला लागली त्या सुमाराची गोष्ट. वारा पडलेला, रान शांत. रिंगणात बाई नकोबाईवर बसलेल्या, घोडी पलीकडच्या कठड्यापाशी उभी. लगाम सैल, मान खाली, कान काकांकडे लागलेले. काका मध्यभागी उभे होते.

"चल," ते म्हणाले.

घोडी हलली नाही.

"चल," त्यांनी पुन्हा म्हटलं. त्यांच्या स्वतःच्या कानांना ते चांगलं खणखणीत ऐकू आलं.

नकोबाई तशीच उभी. डोळे काकांवर. एका जुन्या सवयीनं काकांच्या कपाळाची शीर उठू लागली. बघा, पुन्हा हट्ट. मग बाईंनी खोगिरावरून थोडं पुढे वाकून, हात कानामागे नेऊन विचारलं, "काका, काही म्हणालात का?"

बाईंचा प्रश्न काकांपर्यंत स्वच्छ आला होता. त्यांचाच शब्द तिकडे पोचला नव्हता. घोडीनं दोनदा नाकपुड्या फुलवल्या आणि वाट पाहत राहिली.

उजवा पाय वाळूत ओढत, रेघ उमटवत, ते तिच्याकडे निघाले. निम्म्या वाटेवर थांबले, पाहिलं, आणि अजून थोडे जवळ गेले.

"आता रिंगण एवढंच ठेवू या," त्यांनी तिथून बाईंना सांगितलं. मग घोडीकडे वळून छातीत होता तेवढा श्वास भरला आणि म्हणाले, "चल."

ती निघाली.